हातातला कंबरपट्टा

वाढप्यानं जिलबी टाकली, "बस, बस" म्हणायला हिरालालनं मान वर केली, आणि समोरच्या भिंतीवर त्याला त्याची बायको दिसली. विमलला जाऊन चाळिसाच्या वर वर्षं झाली होती, तेव्हा ती या लग्नाला येईल अशी काही त्याची अपेक्षा नव्हती. पत्रिकेवर 'सहकुटुंब' होतं खरं, पण ते सगळ्यांच्याच पत्रिकेवर असतं. विमल मात्र आली होती, आणि चांगली नटून आली होती. हिरवा शालू, खांद्यावरून लाल शेला, नाकात नथ, गळ्याशी चिंचपेटी, खाली ठुशी, तिच्याखाली साज, त्याच्याही खाली बोरमाळ, दंडात वाकी, मनगटात तोडे, कपाळावर चंद्रकोर. भोवती सोनेरी चौकट. चौकटीखाली या मंगल कार्यालयाचे मालक भय्याजी यांनी पितळी पाटी ठोकली होती, 'अज्ञात राजस्त्री'. आणि पाटीच्या बरोबर खाली पापडाची टोपली. "काका, अजून देऊ?" वाढपी विचारत होता. हिरालालनं मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ वाढप्यानं आपल्या सोयीनं लावला आणि ताटात जिलब्यांचा ढीग झाला. हिरालाल बघत राहिला. तो सत्तरी ओलांडलेला, ती सव्वीसची. तिनं ओळख दाखवावी असं त्याच्यात काही उरलंही नव्हतं. ती त्याच्या थोडं उजवीकडे, आइस्क्रीमच्या टेबलाकडे बघत होती.

घरी येताना पुतण्या अतुलच्या मोटारसायकलवर मागं बसून त्यानं ते सांगितलं. अतुल वरठीच्या कारखान्यात कामाला, रोज भंडारा ते वरठी जाऊन-येऊन त्याला गाडी चालवताना ऐकायची सवय होती. "मोठेबाबा, ऐकू नाही आलं, कोन दिसली म्हनता?" "तुही मोठीआई." अतुलनं गाडी बाजूला घेतली. त्यानं मोठीआई पाहिलेली नव्हती, तिच्यानंतर तो जन्मला होता, पण तिचा फोटो त्यानं लहानपणी पाहिला होता आणि नंतर तो फोटो जाताना पाहिला होता. वैनगंगेचा पूर वस्तीत शिरला त्या वर्षी लोखंडी कपाटातला अल्बम पाण्यात राहिला. पाणी उतरल्यावर दोघांनी मिळून पानं सोडवली. वर चिकटलेला प्लास्टिकचा कागद ओढला की फोटोतली साडी फोटोतच राहायची आणि चेहरा कागदाबरोबर निघून यायचा. अशा चार-पाच साड्या उरल्या. त्यानंतर हिरालालनं तिचा चेहरा आठवणीतून काढायचा प्रयत्न केला, तर तिथंही पाणी शिरल्यासारखं झालेलं. कान आठवायचा, केस विंचरताना तोंडात धरलेला आकडा आठवायचा, मधला चेहरा म्हणून जे काही यायचं ते कधी बहिणीचं असायचं, कधी बँकेतल्या बाईचं. "मंग त सोपं आहे," अतुल म्हणाला, "भय्याजीले सांगून टाका. त्यांच्या कोन्या कामाची आहे ते? फोटो घरी आनू." हिरालाल म्हणाला, "हो, सांगतो न." सांगायला त्याच्याकडे आवाज होता. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीमागं त्याची सगळी नोकरी त्या आवाजावरच निघाली होती. जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, तरी गोंदियाची गाडी त्याच फलाटावरून सुटत होती आणि हिरालाल तिला त्याच आवाजात निरोप देत होता. पण गाड्यांचं बरं असतं, त्या उशिरा का होईना येणार असतात.

त्या आवाजाचं मूळ नाटकात होतं. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागायची, आणि करडी गावच्या हिरालालला, विमल गेली त्या हंगामात, एका मंडळीत मालगुजाराच्या मुलाचं काम मिळालं होतं. पहिल्या अंकात तो वाईट वागायचा, दुसऱ्यात पस्तावायचा आणि तिसऱ्यात मरायचा, सगळं आजीच्या तसबिरीसमोर. तसबीर पाहिजे म्हणून यादोराव पेंटरला बोलावलं. यादोराव दुकानांच्या पाट्या आणि ट्रकमागची कमळं रंगवायचा. त्याचं म्हणणं, जिवंत बाई समोर बसवल्याशिवाय बाई काढता येत नाही, कमळाचं वेगळं. आता बाई कोण बसणार? मंडळीत नटी होती, पण ती म्हणाली, त्या तसबिरीले रोज हार घालनार तुमी, जितेपनी मी भिंतीवर चढू काय? गावातल्या बाया तर वाटेलाच गेल्या नाहीत. विमल तेव्हा मुक्कामावर त्याच्यासोबत होती, मंडळीचा स्वयंपाक बघायची. तिनं पदराला हात पुसले. "मी बसतो. आपन असलं काई मानत नाही." हिरालालच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली होती आणि घरातल्या जुन्या समजुती एका बैठकीत काढून टाकल्या होत्या, काही बायकांना न विचारता. पण विमलनं ते मनावर घेतलं होतं. किंवा मग तिला दागिने घालून बघायचे होते. हे दुसरं कारण हिरालालला जास्त खरं वाटायचं, कारण मंडळीची दागिन्यांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला होता, भाजीवाल्याकडे पहिली कैरी दिसल्यावर निघतो तसा.

पेटीतला तो थाट. चिंचपेटी पुठ्ठ्याची, ठुशीचे मणी लाखेचे, वाकी भंडाऱ्याच्या कासारानं पितळेची करून दिलेली, नथ चापाची. चोळी केशवरावांची. केशवराव म्हणजे मंडळीतले जुने गृहस्थ, वयात असताना बायकांची कामं करायचे, आणि अंगानं भरपूर. ती चोळी विमलला बसवायला पाठीमागून टाचण्या लावल्या, इतक्या की हलली की टोचायची. ती ताठ बसली. नथेचा चाप नाक आवळायचा म्हणून डोळ्यांत पाणी यायचं. यादोराव खूश, म्हणायचा, "वहिनी, असंच बसा, येकदम खानदानी दिसून राहिल्या." आणि विमल ओठ न हलवता म्हणायची, "खानदानी बाया पाठ कशा खाजवत असतीन?" दुपारच्या उन्हात पडवीत ते बसणं चालायचं, हिरालाल बाजूला खाटेवर आपलं मरण पाठ करायचा. मधूनच ती उठून बाहेर जायची. तारपिनाचा वास सहन होत नाही म्हणायची. यादोरावनं त्यावर तारपीनची बाटली पडवीबाहेर ठेवली, मग म्हणाली रंगाचाच वास येते. एक कंबरपट्टा तेवढा तिनं घातला नाही. पेटीतला सगळ्यात भारी दागिना तो, पितळेच्या कड्या, मध्ये मोराचं पदक. "घाल न," हिरालाल म्हणाला. "टोचते." "टाचण्या टोचत नाही, हेच टोचते काय?" ती हसली, तो पट्टा मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून बसली. यादोराव कुरकुरला, राणीची कंबर मोकळी कशी दाखवू? मग जसं होतं तसं काढून मोकळा झाला. नाटक लागलं. तसबिरीला रोज हार पडायचा, विमल प्रेक्षकांत बायकांमध्ये बसून स्वतःला हार घातलेला बघायची आणि शेजारणीला कोपर मारायची. माघात तिला ताप भरला. दवाखान्यात नेलं. ताप डोक्यात गेला एवढंच सांगितलं कुणीतरी. जितेपणी हार घालून घेतल्याबद्दल लोक काय म्हणाले ते हिरालालनं ऐकलं नाही, म्हणजे सगळं ऐकलं. मंडळीचा शेवटचा प्रयोग भय्याजींच्या आजोबांच्या गावात झाला, तिकडे दिघोरीच्या बाजूला, आणि सामान तिथंच त्यांच्या धानाच्या कोठीत पडून राहिलं. हिरालालनं परत तोंडाला रंग लावला नाही. तसबिरीचा त्यानं कधी विचारही केला नाही. त्याला वाटलं होतं, चेहरा आपल्याला पाठ आहे.

आता कोठी पाडून भय्याजींनी तिथं राइस मिलची शेड टाकली आणि पोत्यांमागून ही निघाली. भय्याजी मनानं चांगला माणूस. एवढी नटलेली बाई आपल्या कोठीत निघाली म्हणजे ती आपलीच असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. फक्त पाटी बदलण्याआधी कुणीतरी शिकलेल्या माणसानं 'हो' म्हणावं एवढीच इच्छा होती. त्यासाठी नागपूरहून रुपा मॅडम येणार होत्या. जुनी वस्त्रं आणि दागिने हा त्यांचा अभ्यास. रविवारी दुपारी, लग्न नसलेल्या दिवशी, मोजक्या मंडळींसमोर कार्यक्रम. आणि सूत्रसंचालनाला भय्याजींनी आवाज म्हणून कुणाला बोलवावं, तर हिरालालला. "तुमच्यासारखा आवाज जिल्ह्यात नाही, हिरालालजी. दोन्ही जिल्ह्यांत नाही." म्हणजे माईक हिरालालच्या हातात येणार होता. अतुल म्हणाला, याच्यापेक्षा चांगला मोका कोनता पाहिजे? मी टेम्पोवाल्याले सांगून ठेवतो. हिरालालनं वाक्य तयार केलं. 'कृपया लक्ष द्या' असं सुरुवातीला येत होतं, ते काढलं. नुसतं 'ही माझी पत्नी, विमल' एवढंच ठेवलं. आरशासमोर म्हणून पाहिलं. आरशातल्या म्हाताऱ्याला ते पटलं नाही, पण तो तसाही कुरकुऱ्या होता.

रविवारी त्यानं पाहुण्यांचं स्वागत केलं, भय्याजींना शब्दसुमनांनी गौरवलं, मॅडमना विनंती केली आणि माईक हातात तसाच ठेवून खुर्चीवर बसला, चित्रापासून दोन हातांवर. आज खाली पापड नव्हते. रुपा मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि विमलच्या इतक्या जवळ गेल्या की हिरालालला उगाच अवघडल्यासारखं झालं. "चित्र किती जुनं, ते मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "कापड-रंग तपासणारे वेगळे. मी फक्त अंगावरचं वाचते." भय्याजी म्हणाले, "वाचा न, मॅडम. अंगावर काही कमी नाही." "कमी नाही तेच तर. साज कोल्हापूरकडचा, वाकीची घडण देशावरची, बोरमाळ आणखी कुठली. इतक्या ठिकाणचं एका बाईच्या अंगावर सहसा नसतं." "आमच्या घरी सुना चहूकडून आल्या," भय्याजी म्हणाले आणि मागं वळून सगळ्यांकडे पाहिलं. त्यांच्या आई सत्यभामाबाई पहिल्या रांगेत होत्या, त्या म्हणाल्या, "मी त साकोलीची आहो." "बसणं ताठ आहे," मॅडम म्हणाल्या. "खानदान," भय्याजी म्हणाले. "डोळे जरा भरलेले." "त्या काळात बायांना दुःखं काय कमी होती?" हिरालालच्या पाठीत, नेमक्या त्या टाचण्यांच्या जागी, खाज सुटली. त्याला हसू येत होतं, आणि सोबत हसायला कोपर मारणारं कुणी नव्हतं. "आणि हनुवटीवरचा हा ठिपका तीळ नाही, गोंदण आहे. आपल्याकडच्या बायका गोंदतात तसं." भय्याजींनी हात जोडले, "म्हणजे आपल्याकडचीच. झालं त." मागच्या रांगेतून अतुल खाकरला. हिरालालनं माईकचं बटण चाचपलं. आता.

"एक मिनिट," रुपा मॅडम म्हणाल्या, स्वतःशीच म्हणाल्यासारख्या. "मघापासून मला हेच सुटत नाही. नखापासून केसापर्यंत सगळं घातलंय, कंबरपट्टा तेवढा हातात. चित्रकार असं कधी सांगणार नाही, त्याला पट्टा कंबरेवरच पाहिजे. हे बाईनं स्वतः केलंय." त्या थोड्या मागं आल्या. "माझी आजी सांगायची, दिवस राहिले की पहिल्या महिन्यांत बायका कंबरेला काही आवळत नसत. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगतही नसत, नवऱ्याला पण नाही कधीकधी. एखादं आधी गेलं असलं तर मग तोंडच उघडायच्या नाहीत. मी खात्रीनं नाही म्हणत हं. पण हात बघा. दागिना असा धरत नाहीत."

हिरालालनं हात पाहिले. इतके दिवस, लग्नाच्या त्या जेवणापासून, तो चेहराच बघत होता. चेहरा हरवला होता म्हणून चेहराच बघत होता, हात त्यानं पाहिलेच नव्हते. पट्टा बोटांवर नुसता ठेवलेला होता. दोन्ही पंजे त्याच्यामागं, एकावर एक, पोटाशी, चुलीजवळून बोळक्यात निखारा नेताना वारा लागू नये म्हणून धरतात तसे. यादोराव, ट्रकमागची कमळं काढणारा, त्यानं जे दिसलं ते काढलं, त्यालाही कळलं नव्हतं. तारपीन. बाटली बाहेर ठेवली तरी येणारा वास. स्वयंपाकात स्वतःच्या हातची आमटी बाजूला सारून चिंचेचा गोळा चोखत बसलेली विमल, आणि केशवराव म्हणत होते, वहिनी, दात आंबतीन. चुलीला पोतारा देताना ओल्या मातीचा खडा तोंडात टाकताना तिला त्यानं पाहिलं होतं आणि तिनं डोळे मिचकावले होते. पाहिलं होतं सगळं. त्याच्या दोन वर्षं आधी एकदा राहिलं होतं, तेव्हा तिनं पहिल्याच आठवड्यात सगळ्या वस्तीला सांगितलं होतं, पाण्याला जाताना, येताना, ज्याला त्याला, आणि मग ते गेलं होतं. त्यानंतर प्रत्येक जण विचारायला यायचा तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून निजायची आणि हिरालाल दारात उभा राहून लोकांना सांगायचा, झोपली. 'आपन असलं काई मानत नाही.' सगळं टाकलं होतं तिनं, भिंतीवर चढायलाही भ्याली नव्हती, हा एवढा एक तीन महिन्यांचा नेम तेवढा चोरून ठेवला होता. माघात सांगणार असेल. होळीला. त्याला प्रयोगात शेवटी मरताना बघून पुरे झालं की, सामान बांधताना, बैलगाडीत. ताप भरल्यावर तिनं दोनदा त्याचा हात ओढून काही सांगायला तोंड उघडलं होतं आणि तो म्हणाला होता, बोलू नको, बरं वाटल्यावर सांग. त्याच्या कानात एकदम बसस्थानक गरजायला लागलं, सगळ्या फलाटांवरून एकाच वेळी गाड्या सुटत असल्यासारखं. एक माणूस गेलं समजून त्यानं एवढी वर्षं काढली होती. हिशेबात चूक होती.

"म्हणजे?" भय्याजी उभे राहिले होते. त्यांचा चेहरा उजळला होता. "म्हणजे या चित्रात पोटात आहे कोणीतरी? अहो मॅडम, मग ते आमचे आनंदरावच. माझे पणजोबा. घरात मूल नव्हतं बरीच वर्षं, अन् मग एकटे आनंदराव झाले, हे आई सांगते न? आई?" सत्यभामाबाई म्हणाल्या, "एकटेच होते. नवसाचे." "झालं मग," भय्याजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच कापला. ते चित्रापुढं गेले आणि विमलच्या पायाशी, म्हणजे चौकटीच्या खालच्या पट्टीशी, डोकं टेकवलं. रुपा मॅडम म्हणाल्या, "भय्याजी, मी असं म्हटलं नाही. माझ्या बाजूनं ही बाई अज्ञातच आहे." "तुमच्या बाजूनं राहू द्या, मॅडम. आमच्या बाजूनं लागली ओळख." आणि ते वळले. "हिरालालजी, तुम्ही काही म्हणणार होते न? माईक धरून बसले कवाचे."

अतुल मागं उभा राहिला होता. बाहेर टेम्पोवाला आल्याचं हॉर्नवरून कळत होतं. हिरालालनं तोंडाशी माईक नेला. तयार केलेलं वाक्य जागेवरच होतं, चार शब्दांचं, सोपं. ते म्हटलं की भय्याजी थोडं ओशाळतील, थोडं हसतील, चित्र खाली उतरेल, विमल घरी येईल, पलंगासमोरच्या खिळ्यावर टांगली जाईल, हात तसेच धरून. आणि पोटातलं ते तिथंच राहील, तिच्या हातांमागं, जसं होतं तसं, माघापर्यंत. त्यानं भय्याजींकडे पाहिलं. भरल्या अंगाचा, धडधाकट, डोळ्यांत पाणी आलेला माणूस. आई बसलेली. भिंतीशी खेळणारी कुणाची तरी नातवंडं.

"मले एवढंच विचारायचं होतं," माईकमधून आवाज आला, बाहेर लॉनच्या टोकापर्यंत गेला. "मंग, पोरगा सुखरूप झाला?"

"झाला न," भय्याजी म्हणाले. "चांगला नव्वदी गाठून गेला. दात शेवटपर्यंत शाबूत."

"बरं झालं," हिरालाल म्हणाला. त्यानं माईक बंद करून खुर्चीखाली ठेवला. "लहानपनी कसे होते? अंगानं?"

एवढं कुणी विचारतं म्हटल्यावर भय्याजी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. अंगानं किडकिडे होते म्हणे. आईच्या पाठीमागं पदर धरून फिरायचे. गूळ चोरायचे. पाच वर्षांचे असताना गावातल्या तलावात पडले, पोहता येत नव्हतं, कुणाचं लक्ष नाही. हिरालालनं खुर्चीचा हात घट्ट धरला. "अन् मंग?" "मग काय, ढिवरानं जाळं टाकून काढलं. पालथं घालून पाणी काढलं पोटातलं." "वाचला." "वाचले म्हणून त आम्ही आहो," भय्याजी हसले. हिरालालही हसला, खिशातून रुमाल काढून त्यानं चष्मा पुसला आणि परत घालायचा राहून गेला. मंडळी उठत होती, मॅडम गाडीकडे निघाल्या होत्या, जाताना त्यांनी एकदा चित्राकडे आणि एकदा हिरालालकडे पाहिलं. अतुल येऊन त्याच्या खांद्याशी वाकला. "मोठेबाबा, काहून नाही सांगितलं? टेम्पोवाला निघून राहिला. चला न."

"तू हो पुढं," हिरालाल म्हणाला, भय्याजींवरची नजर न काढता. "आनंदराव आता कुठं शाळेत जाऊन राहिले."